जुन्या हॉर्न स्पीकरला अ‍ॅम्प जुळवताना

हॉर्न स्पीकर, म्हणजे कर्ण्यातून आवाज फेकणारा, घेतला असं सांगितलं की समोरचा आधी वॅट विचारतो. त्याचं उत्तर पाच मिनिटांच्या आकडेमोडीत मिळतं. खरं काम त्यानंतर सुरू होतं: अ‍ॅम्पची गुणगुण, गेन (सिग्नल किती पट वाढतो ते), आउटपुट इम्पिडन्स (अ‍ॅम्पचा स्वतःचा आतला अडथळा) आणि पहिल्या काही मिलिवॅटमधली स्वच्छता. या चार गोष्टी जमल्या तर तीन वॅटचा अ‍ॅम्पही पुरतो. नाही जमल्या तर शंभर वॅटचा नामांकित अ‍ॅम्पही या स्पीकरवर उघडा पडतो.

आमची जोडी अल्टेक ए७ धर्तीची. अल्टेक लान्सिंगने ‘व्हॉइस ऑफ द थिएटर’ ही मालिका १९४५ साली चित्रपटगृहांसाठी आणली. त्या काळी वॅट महाग होते, म्हणून थोड्या वॅटमध्ये शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायचं काम स्पीकरवरच पडे. मुंबईतली रीगल (१९३३), इरॉस आणि मेट्रो (१९३८), लिबर्टी (१९४९) ही मोठी थिएटरं याच हॉर्नच्या जमान्यातली. आमच्या जोडीत खाली पंधरा इंची वूफर (खालच्या सुरांचं युनिट), वर ८०० हर्ट्झपासून पुढचं सांभाळणारा ओतीव अ‍ॅल्युमिनियमचा हॉर्न आणि त्यामागे १६ ओहमचा कॉम्प्रेशन ड्रायव्हर (हॉर्नमध्ये आवाज सोडणारं युनिट) आहे. कॅबिनेट ४२ इंच उंच, ३० इंच रुंद, २४ इंच खोल. मुंबईच्या फ्लॅटमध्ये आतल्या खोलीचं दार बरेचदा ३० इंचांचंच असतं, तेव्हा कॅबिनेट आडवं वळवून २४ इंची बाजूने न्यावं लागतं. लिफ्टचं दार आणि जिन्याचं वळण आधी टेप लावून मोजा.

आता वॅटचा हिशेब. सेन्सिटिव्हिटी, म्हणजे दिलेल्या वॅटला स्पीकर किती आवाज देतो ते, १ वॅटला १ मीटरवर सुमारे १०२ डेसिबल धरली. जुन्या कॅटलॉगमधला आकडा बरेचदा ४ फुटांवरचा असतो, त्यात १.७ डेसिबल मिळवले की १ मीटरचा आकडा येतो. काही कॅटलॉगमध्ये १ मिलिवॅट आणि ३० फुटांचा आकडा दिसतो, तिथे सुमारे ४७.५ डेसिबल मिळवले की १ वॅट, ४ फुटांचा आकडा येतो. तो ५० च्या आसपासचा आकडा पाहून स्पीकर मंद आहे असं समजू नका. ३ मीटरवर बसलं तर अंतरापायी ९.५ डेसिबल जातात, १२ बाय १५ फुटांच्या हॉलच्या भिंती ३ च्या आसपास परत देतात, दुसरा स्पीकर आणखी ३ देतो. म्हणजे प्रत्येकी एक वॅटला खुर्चीवर ९८ डेसिबल. घरात आपण सरासरी ७८ वर ऐकतो. ते वीस डेसिबल खाली, म्हणजे १० मिलिवॅट. १६ ओहमवर १० मिलिवॅट म्हणजे फक्त ०.४ व्होल्ट. तबल्याची कडाडती थाप १०५ ला गेली तरी पाच वॅट लागतात. ८६ डेसिबलच्या बुकशेल्फ स्पीकरला याच आवाजासाठी चाळीसपट वॅट हवेत.

हा ०.४ व्होल्टचा आकडा लक्षात ठेवा. पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे.

अ‍ॅम्प लावायच्या आधी स्पीकरची तब्येत बघायची. मल्टीमीटरने डीसी रेझिस्टन्स मोजला की १६ ओहमच्या युनिटला साधारण १० ते १२ ओहम दिसतात. डाव्याउजव्यात एक ओहमपेक्षा जास्त फरक असेल तर एका बाजूची कॉइल कधीतरी बदललेली आहे. वूफरला दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावून कोन पुढे येतो का ते पाहायचं. जुन्या जेबीएलमध्ये लाल टर्मिनलला पॉझिटिव्ह दिलं की कोन आत जातो, ही त्या कंपनीची तेव्हाची रीतच होती. त्यामुळे दोन कंपन्यांची युनिट एकत्र आली की फेज (कोन एकाच दिशेने हलतात का ते) तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. ड्रायव्हरला ३०० हर्ट्झच्या खालचा टोन अजिबात द्यायचा नाही. अगदी हळू आवाजात ५०० पासून वर स्वीप करायचा. एखाद्या जागी खरखर आली तर गॅपमध्ये (चुंबकातल्या फटीत) गंज नाहीतर लोखंडाचा कीस आहे. मुंबईच्या दमट हवेत हा रोग नेहमीचा. डायफ्रॅम (ड्रायव्हरचा पातळ पडदा) काढून गॅप चिकटपट्टीच्या कडेने साफ करता येतो. फोमच्या कडेचे वूफर इथे टिकत नाहीत, हात लावला की भुगा होतो. कापडी कडेचे मात्र सत्तर वर्षांनीही चांगले निघतात.

नेटवर्कमधले, म्हणजे वूफर आणि ड्रायव्हर यांच्यात सूर वाटणाऱ्या क्रॉसओव्हर सर्किटमधले, कपॅसिटर सुटे करून मोजा. ८०० हर्ट्झ, १६ ओहम आणि १२ डेसिबल प्रति ऑक्टेव्ह या गणितात ८.८ मायक्रोफॅरड आणि ४.५ मिलिहेन्री येतात. जुना कपॅसिटर दहा टक्क्यांहून जास्त सरकला असेल तर बदलायचा. कॉइलला काही होत नाही, तिच्या वाटेला जाऊ नका.

कॉम्प्रेशन ड्रायव्हर वूफरपेक्षा आठ-दहा डेसिबल चढा असतो. तो खाली आणायला बरेच जण फक्त एक सिरीज रेझिस्टर टाकतात, आणि तिथेच घोटाळा होतो: नेटवर्कला दिसणारा लोड वाढतो आणि क्रॉसओव्हर जागा सोडतो. १६ ओहमच्या ड्रायव्हरसाठी सोपा तोडगा असा की १० ओहम सिरीजमध्ये आणि १० ओहम ड्रायव्हरच्या समांतर. १० आणि १६ समांतर म्हणजे ६.१५, त्यात १० मिळवले की १६.१५. नेटवर्कला जवळजवळ तोच लोड दिसतो आणि ड्रायव्हर ८.४ डेसिबल खाली येतो. दोन्ही रेझिस्टर १० वॅटचे वायरवाउंड घ्यावेत. लॅमिंग्टन रोडला ते सिमेंट रेझिस्टर म्हणून मिळतात आणि या कामाला उत्तम चालतात. वरचं टोक बुजलेलं वाटलं तर सिरीजच्या १० ओहमवर १ ते १.५ मायक्रोफॅरडचा फिल्म कपॅसिटर आडवा टाकावा. १० किलोहर्ट्झच्या पुढे तो रेझिस्टरला वळसा देतो, तंबोऱ्याच्या जवारीतली चमक परत येते. दोन रेझिस्टरच्या या पॅडचा आणखी एक फायदा आहे: अ‍ॅम्पची सळसळही त्याच ८.४ डेसिबलने खाली जाते.

मग अ‍ॅम्प. हॉर्नवर सगळ्यात जास्त वेळ गुणगुणीत जातो, आणि तो वेळ द्यायलाच हवा. आउटपुटला १६ ओहमचा रेझिस्टर, इनपुट शॉर्ट, मल्टीमीटर एसी मिलिव्होल्टवर. १ मिलिव्होल्ट आला तर १०२ डेसिबलच्या स्पीकरवर तो १ मीटरला ३० डेसिबल होतो. ३ मिलिव्होल्टला ४० च्या जवळ. ०.२ मिलिव्होल्टला १६, म्हणजे रात्री दोन वाजता पंखा बंद करूनही काही ऐकू येत नाही. बुकशेल्फवर जो अ‍ॅम्प मुका वाटतो तोच इथे बोलायला लागतो. आम्ही अर्ध्या मिलिव्होल्टच्या वरचा अ‍ॅम्प दुरुस्त केल्याशिवाय पुढे नेत नाही.

गुणगुण कुठून येते हे कानाने बरंच कळतं. ५० हर्ट्झला कान मंद असतो, तिथे ऐकू येण्याचा उंबरठाच ४४ डेसिबलच्या आसपास. १०० हर्ट्झला तो २६-२७ वर उतरतो. त्यामुळे हॉर्नमधून स्पष्ट ऐकू येणारी घरघर बहुधा १०० हर्ट्झची आणि तिच्या वरच्या पटींची असते: पॉवर सप्लायचा रिपल, नाहीतर व्हॉल्व्हमधला (काचेच्या नळीतला) एसीवर तापणारा फिलामेंट. इनपुटला शॉर्टिंग प्लग लावून आवाज गेला तर दोष बाहेरच्या वायरिंगमध्ये, राहिला तर अ‍ॅम्पमध्ये. बाहेरच्यात मुंबईत नेहमीचा गुन्हेगार म्हणजे केबल टीव्हीची कोअ‍ॅक्स. तिचं शील्ड इमारतीच्या दुसऱ्याच कुठल्या अर्थला टेकलेलं असतं आणि टीव्ही अ‍ॅम्पला जोडला की लूप तयार होतो. कोअ‍ॅक्स काढून बघायची, फरक पडला तर मध्ये आयसोलेटर. दुसरा गुन्हेगार पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर. गोल फिरवायचा, ट्रायकचा जो असतो तो तारांमध्ये कर्कश बझ सोडतो. कपॅसिटरचा पायऱ्यापायऱ्यांचा बसवला की तो बझ जातो. जुन्या चाळीत आणि जुन्या इमारतीत न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधला व्होल्टेज मोजा. तीनच्या वर असेल तर आधी वायरमनला बोलवा. अर्थची पिन कापून गुणगुण घालवायची सवय मात्र कुणीही लावून घेऊ नये. व्हॉल्व्ह अ‍ॅम्पच्या चासीवर चारशे व्होल्ट उतरले तर तीच तार जीव वाचवते.

२ए३ सारख्या व्हॉल्व्हमध्ये फिलामेंट हाच कॅथोड (इलेक्ट्रॉन सोडणारा भाग) असतो, २.५ व्होल्ट आणि २.५ अँपिअर. एसी दिला तर हमपॉट (गुणगुण रद्द करायची खुंटी) फिरवून मूळ ५० हर्ट्झ रद्द होतो, १०० हर्ट्झचा थोडा अंश उरतो. ३००बी या त्याच जातीच्या व्हॉल्व्हला ५ व्होल्ट लागतात, त्यामुळे उरलेला अंशही मोठा. हॉर्नसाठी ३००बी घ्यायचा असेल तर फिलामेंटला डीसी द्यावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. यावर वाद घालणारे पुष्कळ आहेत. एसीत आवाज अधिक मोकळा लागतो असं ते म्हणतात. लागतही असेल, पण घरघरीखाली तंबोरा दबला तर तो मोकळेपणा ऐकायचा कसा?

गेनचा मुद्दा थोडक्यात. सीडी प्लेयर किंवा डॅक (डिजिटलचा अ‍ॅनालॉग सिग्नल करणारं यंत्र) २ व्होल्ट देतो, गाण्याची सरासरी पाव व्होल्टच्या आसपास. आपल्याला हवेत ०.४ व्होल्ट. म्हणजे जेमतेम ४ डेसिबल गेन पुरतो, आणि बाजारातला अ‍ॅम्प २६ डेसिबलचा असतो. परिणामी व्हॉल्यूमची खुंटी तळाशीच अडकते, जिथे कार्बन पॉटचे (खुंटीमागच्या बदलत्या रेझिस्टरचे) दोन ट्रॅक एकमेकांशी दोन-तीन डेसिबलने फटकून असतात. गायक मधून सरकून एका बाजूला जातो तो यामुळे. इलाज म्हणजे अ‍ॅम्पच्या इनपुटला चिकटून एक डिव्हायडर: सिरीजमध्ये २२ किलो-ओहम, ग्राउंडला १० किलो-ओहम, दहा डेसिबल कमी. प्रीअ‍ॅम्पची सळसळही त्यात दबते. हा डिव्हायडर प्रीअ‍ॅम्पच्या टोकाला बसवू नका. लांब केबलच्या आधी सिग्नल लहान झाला तर केबलने पकडलेला कचरा तेवढाच राहतो.

आता जिथे वाद खरोखर रंगतात तिथे येऊ. व्हॉल्व्हचा आवाज हॉर्नला ‘बसतो’ आणि ट्रान्झिस्टरचा ‘टोचतो’, हे वाक्य प्रत्येक बैठकीत निघतं. ते खोटं नाही, पण त्यातला मोठा भाग आउटपुट इम्पिडन्सचा आहे आणि तो मोजता येतो. व्हॉल्व्ह अ‍ॅम्प लोड काढून कधीच चालवायचा नाही, ट्रान्सफॉर्मरमध्ये ठिणगी पडते. म्हणून दोन लोड वापरायचे, १६ आणि ८ ओहम. ४०० हर्ट्झचा टोन देऊन १६ ओहमवर १ व्होल्ट ठेवला आणि त्याच जागी ८ ओहम लावल्यावर ०.८६ व्होल्ट उरले, तर (१ − ०.८६) भागिले (०.८६/८ − १/१६) म्हणजे ३.१ ओहम. फीडबॅक नसलेल्या सिंगल एंडेड (पूर्ण लहर एकाच व्हॉल्व्हने वाढवणाऱ्या) अ‍ॅम्पचा आकडा असाच येतो. ट्रान्झिस्टरचा ०.१ च्या आसपास.

आमच्या जोडीचा इम्पिडन्स खाली ११ ओहम आणि क्रॉसओव्हर व वूफरच्या रेझोनन्सजवळ ६० पर्यंत जातो. ३.१ ओहमच्या अ‍ॅम्पवर या दोन टोकांमध्ये १.७ डेसिबलचा फरक पडतो, ०.१ ओहमवर ०.१ पेक्षाही कमी. १.७ डेसिबल कुठलाही कान पकडतो. शिवाय वूफरच्या कॉइलला तीन ओहम जोडले गेल्यामुळे त्याचा क्यूईएस (रेझोनन्सला विजेचा आवर किती त्याचा आकडा, वाढला की आवर कमी) पाव पटीहून जास्त वाढतो. मोठ्या चुंबकाच्या, कोरड्या बासच्या जुन्या वूफरला ते मानवतं आणि बाया (डग्गा) भरून येतो.

हे पटवायला एकच प्रयोग पुरतो. चांगल्या ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पच्या पॉझिटिव्ह तारेत ३.३ ओहम, १० वॅटचा रेझिस्टर टाकायचा, आवाजाची पातळी पुन्हा जुळवायची आणि पडदा लावून ऐकायचं. ‘अहो, व्हॉल्व्हचा गोडवा रेझिस्टरने येतो होय?’ असं म्हणणारे काका पडद्यामागचं ऐकून गप्प बसले, तसे रेझिस्टरवर हसणारे तरुणही दुसऱ्या फेरीत गप्प बसले, कारण तंबोऱ्यावर दोन अ‍ॅम्पमध्ये अजून फरक उरला होता. १९८५ साली अमेरिकन अ‍ॅम्प-रचनाकार बॉब कार्व्हरने ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प एका व्हॉल्व्ह अ‍ॅम्पसारखा वागवून दाखवायचं आव्हान घेतलं होतं. आउटपुट इम्पिडन्स हा त्यातलाही एक दुवा होता. वाद मिटवायला नव्हे, तो पुढच्या पायरीवर न्यायला असे प्रयोग फार कामाचे.

उरलेला फरक पहिल्या मिलिवॅटचा. क्लास एबीमध्ये लहरीचे दोन भाग दोन ट्रान्झिस्टर वाटून घेतात. बायस (सिग्नल नसतानाही वाहणारा करंट) कमी असेल तर एका ट्रान्झिस्टरकडून दुसऱ्याकडे जाताना सिग्नलला जी कड पडते तिचा आकार आवाज कमी केला म्हणून कमी होत नाही. ५० वॅटला ती नगण्य, १० मिलिवॅटला ती गाण्याच्या मांडीला मांडी लावून बसते. म्हणून ट्रान्झिस्टर हवा तर क्लास ए, ज्यात तो कधीच बंद होत नाही. ब्रिटिश रचनाकार लिन्सले हूडचा १९६९ चा १० वॅटचा आराखडा हॉर्नसाठी आजही उत्तम: ८ ओहमसाठी २७ व्होल्ट, १.२ अँपिअर. म्हणजे प्रत्येक चॅनलला सतत ३२ वॅट उष्णता. मे महिन्यात हीटसिंक हात लावण्यापलीकडे जातो, तेव्हा मोठा घ्या आणि पंख उभे ठेवा. स्पीकरला जोडण्याआधी आउटपुटवरचा डीसी मोजा. ५० मिलिव्होल्टच्या वर असेल तर कारण शोधा. अ‍ॅक्टिव्ह क्रॉसओव्हर (अ‍ॅम्पच्या आधीच सूर वाटणारा) वापरून ड्रायव्हर थेट अ‍ॅम्पला जोडत असाल तर मध्ये ४७ मायक्रोफॅरडचा फिल्म कपॅसिटर हवाच. १६ ओहमला तो २०० हर्ट्झच्या आसपास कापतो, म्हणजे क्रॉसओव्हरच्या दोन ऑक्टेव्ह खाली, आणि अ‍ॅम्प चालू करतानाचा धक्का डायफ्रॅमपर्यंत पोचू देत नाही.

जुना व्हॉल्व्ह अ‍ॅम्प शोधणाऱ्यांना मुंबईत ब्रिटिश माल सोपा पडतो. १९५३ चा क्वाड टू (केटी६६, १५ वॅट) किंवा लीक स्टीरिओ २० (ईएल८४) आपल्या विजेच्या व्होल्टेजसाठी आणि ५० हर्ट्झसाठीच बनलेले, आणि १५-१६ ओहमचा लोड त्यांना परिचयाचा. अमेरिकन अ‍ॅम्प ११७ व्होल्ट, ६० हर्ट्झचा. स्टेपडाउनने व्होल्टेज सुटतो, हर्ट्झ सुटत नाहीत. ५० वर ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यात वीस टक्के जास्त फ्लक्स जातो, तो तापतो आणि स्वतःच गुणगुणतो. आम्ही असा अ‍ॅम्प ११० वर चालवतो. त्याखाली गेलं की फिलामेंट थंड पडतात. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या टॅपबाबत (स्पीकर जोडायच्या वेगवेगळ्या ओहमच्या टोकांबाबत) एक प्रयोग करून बघण्यासारखा आहे: १६ ओहमचा स्पीकर ८ ओहमच्या टॅपवर. ट्रायोडला (२ए३ सारख्या व्हॉल्व्हला) दुप्पट लोड दिसतो, वॅट कमी होतात, विकृती आणि आउटपुट इम्पिडन्सही कमी होतात. वॅट आपल्याकडे उधळायला आहेतच. २ए३ चे ३.५ वॅट दोनवर आले तरी हॉल भरतो. उलट दिशेने, ८ ओहमचा स्पीकर १६ वर, लावू नये.

तुलनेच्या बैठकीचे आमचे नियम थोडे आहेत. पातळी स्पीकरच्या टर्मिनलवर, ४०० हर्ट्झच्या टोनने, मल्टीमीटरवर दोन टक्क्यांच्या आत जुळवायची, कारण ०.२ डेसिबलने चढा असलेला अ‍ॅम्प ‘जास्त जिवंत’ वाटतो. स्वस्त मल्टीमीटर १ किलोहर्ट्झला चुकतात, म्हणून ४००. आउटपुट इम्पिडन्स वेगळे असतील तर पातळी एकाच टोनला जुळते हे सगळ्यांना आधी सांगायचं. ऐकायला तंबोरा, हार्मोनियम आणि बाया. हार्मोनियमचे सूर आणि त्यांच्या पटी नेमक्या ८०० हर्ट्झच्या शिवणीवरून जातात. शिवण उसवलेली असेल तर दोन पट्ट्यांमध्ये पेटी जागा बदलताना ऐकू येते. नाट्यपदाचं जुनं मोनो ध्वनिमुद्रण एकाच स्पीकरवर लावलं तर आणखी लवकर कळतं.

सध्या वाद नेटवर्कमधल्या ८.८ मायक्रोफॅरडवर आहे, पॉलिप्रोपिलीन की तेलातला कागदी. दोन्ही बाजूंना दोन वेगळे कपॅसिटर, मोजून एक टक्क्यात जुळवलेले, कागदीचा ईएसआर (आतला रेझिस्टन्स) मोजून तेवढाच रेझिस्टर पॉलिप्रोपिलीनला सिरीजमध्ये, मोनो सिग्नल आणि पडद्यामागे बॅलन्सची खुंटी. ज्याला फरक ऐकू येतो त्याने डावा-उजवा ओळखायचा.